भुंगा, ढेकूण की निव्वळ अफवा? मुंबईत किडे ओळखायला शिकताना

पावसाने जोर धरला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे किडे यायला लागतात. पहिली तऱ्हा खरीखुरी असते. ट्यूबलाइटला धडकून फरशीवर उताणा पडलेला काळा भुंगा, जास्वंदीच्या फुलात डोकं खुपसून बसलेला लाल-काळा जीव, रव्याच्या डब्यातून बाहेर पडलेली तपकिरी ठिपक्यांची रांग. दुसरी तऱ्हा फॉरवर्डमधून येते. ‘हा किडा दिसला तर चुकूनही हात लावू नका, चार तासांत मृत्यू, सगळ्यांना पाठवा.’ या दुसऱ्या तऱ्हेच्या भीतीने पहिल्या तऱ्हेतले निरुपद्रवी जीव चपलेखाली जातात, आणि ज्या एक-दोन किड्यांपासून खरंच जपायला हवं त्यांना आपण उघड्या हाताने चिरडतो.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. भिंग, जाळी, जाडजूड पुस्तकं यातलं काही लागत नाही. फोन, काचेचा ग्लास, एखादं जाड कार्ड आणि शाळेतली पट्टी एवढं पुरे. मात्र एक क्रम पाळायचा: नाव शेवटी. नवा माणूस किडा दिसल्याबरोबर ‘हा कोणता?’ असं विचारतो, मग कुणीतरी ठोकून काहीतरी नाव सांगतं आणि त्या नावाबरोबर त्याच्या साऱ्या दंतकथाही घरात शिरतात. आधी अंग पाहायचं, मग जागा, मग आकार. एवढं झालं की निम्म्या अफवा आपोआप गळून पडतात.

पायरी १: झाडू आणण्याआधी फोटो

किडा भिंतीवर किंवा फरशीवर असेल तर त्याच्यावर ग्लास पालथा घाला, खालून कार्ड सरकवा. हाताने उचलू नका. तो विषारी असेलच असं नाही, पण अजून आपल्याला माहीत नाही, म्हणून.

फोटो निदान तीन हवेत: एक बरोब्बर वरून, एक बाजूने, एक तोंडाकडून. काचेत बंद असेल तर ग्लास उचलून खालूनही एक घ्या, कारण पोटाकडची बाजू पुष्कळ वेळा निकाल लावते. एका फोटोत शेजारी पट्टी ठेवा. ही पट्टी लोक हमखास विसरतात. ग्रुपवर आलेला ‘राक्षसी’ किडा पट्टीशेजारी आला की बहुधा नऊ मिलिमीटरचा निघतो.

सोबत तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठे दिसला, किती वाजता, कशावर बसला होता. ‘झाडावर’ असं नको, ‘सावरीच्या खोडावर’ असं लिहा. बरेच किडे खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतात, त्यामुळे झाडाचं नाव कळलं की किड्याच्या नावाची अर्धी वाट चालून होते.

पायरी २: पाय मोजा

सहा पाय असतील तर कीटक. आठ असतील तर कोळी, गोचीड किंवा माइट यांच्या गोतावळ्यातला. त्याहून पुष्कळ जास्त असतील तर गोम किंवा पैसा.

आपल्याकडे याचं सगळ्यांत देखणं उदाहरण म्हणजे मृगाचा किडा. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर चालणारा तो लालभडक, मखमली जीव. आजोळी पाहिलेला बहुतेकांना आठवत असेल. त्याचे पाय मोजलेत तर आठ भरतील. नावात किडा असला तरी तो माइट आहे, आणि माणसाला काहीही करत नाही.

पाय मोजायची सवय एका फार जुन्या अफवेवरही उतारा आहे. १९९९ मध्ये इंग्रजीतून एक ईमेल जगभर फिरला: विमानतळावरच्या टॉयलेट सीटखाली लपणाऱ्या एका विषारी जीवाने बायका दगावल्या. त्याचं शास्त्रीय नाव दिलं होतं ‘अ‍ॅरॅक्निअस ग्लुटिअस’. ती जात काल्पनिक, तो विमानतळ काल्पनिक, आणि ज्या वैद्यकीय नियतकालिकाचा हवाला दिला होता तेही काल्पनिक. काही वर्षांनी त्याच मजकुरात एक खरं नाव घुसवण्यात आलं: टेलामोनिया डिमिडिएटा. हा आपल्या भारतात, आशियातल्या झाडाझुडपांत राहणारा उड्या मारणारा कोळी आहे. माणसाला त्याच्यापासून धोका नाही, संडासाशी त्याचा काही संबंध नाही. अफवेला खोटं नाव जड व्हायला लागलं की ती खरं नाव उसनं घेते. म्हणून ‘नेटवर शोधलं तर हा जीव खरंच आहे’ एवढ्यावर मेसेज खरा ठरत नाही. जीव खरा असेल, त्याच्या नावावर खपवलेली गोष्ट खरी आहे का, ते वेगळं तपासायचं.

पायरी ३: पाठीवरची रेघ

सगळ्या लेखातली सर्वांत कामाची पायरी हीच, म्हणून जरा थांबून वाचा.

भुंगेऱ्यांच्या गटाला शास्त्रात कोलिओप्टेरा म्हणतात. आजवर वर्णन झालेल्या त्यांच्या जाती चार लाखांच्या आसपास आहेत, दुसऱ्या कुठल्याही कीटकगटापेक्षा जास्त. भुंगा, सोंडे, काजवा, शेणकिडा, सोनपाखरू, ठिपक्यांचा ढालकिडा ही सगळी याच घरातली मंडळी. त्यांचे पुढचे पंख उडायच्या कामाचे राहिलेले नाहीत, ते कडक कवच झालेत. ही दोन कवचं पाठीच्या मधोमध एकमेकांना भिडतात आणि मानेपासून शेपटापर्यंत एक सरळ रेघ तयार होते. उडताना कवचं उघडतात आणि खालचे पातळ पंख बाहेर येतात.

ढेकणांचा गट निराळा. इथे ढेकूण म्हणजे फक्त गादीतला नव्हे, तर पिकांवरचे, झाडांवरचे, पाण्यातले असे ढेकणाच्या जातकुळीतले सगळे. त्यांच्या पाठीवर, खांद्यांच्या मधे, एक त्रिकोण दिसतो. पंख एकमेकांवर आडवे येतात, त्यामुळे मागच्या बाजूला फुलीसारखी खूण उमटते. पोटाकडून पाहिलं तर तोंडाच्या जागी सुईसारखी सोंड छातीला चिकटवून ठेवलेली असते. भुंगेऱ्याला मात्र चावणारे जबडे असतात.

झुरळाचं डोकं वरून जवळजवळ दिसतच नाही, ते ढालीखाली झाकलेलं असतं. पंख एकावर एक सरकलेले, आणि मिशा लांब, सतत हलणाऱ्या.

आता हे ज्ञान वापरून पाहू. सावरीच्या झाडाखाली उन्हाळ्याच्या तोंडावर लाल-काळ्या किड्यांची झुंबड उडते, आणि ‘विषारी भुंगे आलेत’ म्हणून फवारणीची मागणी होते. जवळ जा आणि पाठ पाहा. मधोमध रेघ नाही, त्रिकोण आहे, मागे फुली आहे. हे लाल ढेकूण. त्यांना सरकीसारख्या बियांचा रस हवा असतो, माणसाचं रक्त नको असतं. गादीतल्या ढेकणाशी नातं लांबचं.

दुसरं उदाहरण फोटोंमधलं. पिवळ्या किंवा शेंदरी पाठीवर दोन काळे डोळे, खाली मिशीसारखा पट्टा, उलटा धरला तर हुबेहूब माणसाचा चेहरा. दर वर्षी हा फोटो ‘कलियुगातला चमत्कार’ किंवा ‘लॅबमध्ये तयार केलेला किडा’ म्हणून फिरतो. तो खरा आहे आणि आपल्याच कोकणात काजूवर दिसतो. नाव कॅटाकँथस इनकार्नेटस. पाठीवर त्रिकोण आहे, म्हणजे हाही ढेकणांतलाच, भुंगेरा नव्हे. चेहरा आपल्या मेंदूने जुळवला. दोन ठिपके आणि एक आडवी रेघ दिसली की आपल्याला चेहरा दिसणारच.

या नियमालाही फसवणारे आहेत. हिरवा-निळा चमकणारा, पाठीवर काळे ठिपके असलेला क्रायसोकोरिस पाहिला तर कुणीही शपथेवर भुंगेरा म्हणेल. पण त्याची पाठ निरखून पाहा: मधली रेघच नाही. त्याचा तो त्रिकोण एवढा वाढलाय की सारी पाठ त्याने झाकून टाकली आहे. एकसंध ढाल दिसली, रेघ दिसली नाही, तर ढेकूण समजायचं. आणि उलटं उदाहरण त्याहून महत्त्वाचं: एक भुंगेरा असा आहे की त्याचं कवच अर्ध्या पाठीपर्यंतच पोचतं, आणि लोक त्याला मुंगी समजून चिरडतात. मुंबईतल्या नवख्याने खऱ्या अर्थाने ओळखायला शिकावा असा किडा एकच निवडायचा झाला तर मी हाच निवडेन.

पायरी ४: पिडेरस नीट पाहून ठेवा

पिडेरस म्हणजे वर सांगितलेला अर्ध्या कवचाचा भुंगेरा. लांबी सात ते दहा मिलिमीटर. डोकं काळं. त्यामागचा छातीचा भाग नारिंगी. मग निळसर-हिरवट चकाकणारी, आखूड, चौकोनी कवचं. त्यांच्या मागे उघडं नारिंगी पोट, आणि पोटाचं टोक पुन्हा काळं. म्हणजे काळा, नारिंगी, निळा, नारिंगी, काळा असे पट्टे. पळतो झपाझप, आणि डिवचलं की विंचवागत शेपूट वर वळवतो. त्या शेपटीत नांगी नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे तो रात्री दिव्याकडे येतो, आणि उघड्या खिडकीजवळ अंथरूण असेल तर उशीवरही सापडतो.

हा चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन नावाचं रसायन असतं. अंगावर बसलेला असताना आपण झोपेत त्याला घासलं किंवा थापट मारून चिरडलं की तो द्रव कातडीवर पसरतो. लगेच काही जाणवत नाही. बारा ते छत्तीस तासांनी लाल पट्टा उठतो, जळजळ होते, बारीक फोड येतात. पट्टा सहसा लांबट असतो, कारण किडा जसा रगडला गेला तसा डाग उमटतो. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना जुळे डाग दिसतात.

सकाळी उठल्यावर कारण समोर नसतं, म्हणून घरोघरी वेगवेगळे अंदाज निघतात. ‘अंगावरून कोळी फिरला’, ‘पाल गेली असेल’, ‘नागीण झाली’. नागीण हा विषाणूचा आजार आहे, तिच्यावरचं औषध वेगळं. म्हणून घरगुती लेप लावण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि पावसाळ्यात दिव्याजवळ झोपत असाल तर तेही सांगा.

आता अफवेचा भाग. जुलै २०२२ मध्ये सिक्कीममधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या अंगावर असे चट्टे उठले आणि बातम्यांमधून ‘नैरोबी फ्लाय’ हे नाव देशभर झालं. तिथून पुढे ‘आफ्रिकेतून आलेली जीवघेणी माशी’, ‘नागापेक्षा विषारी’ अशा मेसेजची रांग लागली. ही माशी नाही. पिडेरसच्या जाती भारतात पूर्वापार आहेत, भातशेतीत त्या पिकावरचे बारीक किडे खाऊन शेतकऱ्याला मदतच करतात. रसायन जहाल आहे हे खरं, पण एका किड्यातलं प्रमाण अत्यंत थोडं असतं आणि त्रास होतो तो कातडीला. एक ते तीन आठवड्यांत जखम भरते, काळपट डाग काही दिवस राहतो. डोळ्यात गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

करायचं एवढंच: अंगावर दिसला तर थापट मारू नका, फुंकर मारा किंवा कागदावर चढवून झटका. चिरडला गेलाच तर ती जागा साबणाने आणि भरपूर पाण्याने लगेच धुवा आणि हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका. रात्री खिडकीला जाळी, झोपायच्या खोलीतला दिवा बंद, आणि अंथरूण झटकून झोपायचं. लहान मुलांच्या बाबतीत हे न चुकता करा.

पायरी ५: नेहमी गल्लत होणाऱ्या जोड्या

बाल्कनीत बाग असलेल्यांसाठी पहिली जोडी. लाल किंवा केशरी, गोलसर, काळ्या खुणांचा चकचकीत ढालकिडा मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खातो, त्याला राहू द्या. त्याच्या अळ्या लांबट, काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या असतात आणि त्या मोठ्यांइतकाच मावा फस्त करतात. या अळ्यांनाच लोक ‘कीड लागली’ म्हणून मारतात, याचं मला फार वाईट वाटतं. ढालकिड्यांतला एक मात्र पानं खातो: वांग्यावरचा, अठ्ठावीस ठिपक्यांचा. त्याची पाठ चकाकत नाही, बारीक लव असल्यामुळे मळकट दिसते. तो जिथे खातो तिथे पानाची जाळी उरते. पाठीवरचे ठिपके म्हणजे वय, हे साफ खोटं. ठिपके जातीवर ठरतात, वाढदिवसाला वाढत नाहीत.

जास्वंदीवरचा लांबट, काळा, पाठीवर शेंदरी आडवे पट्टे असलेला भुंगेरा हा ढालकिडा नव्हे. तो हिंगे, म्हणजे ब्लिस्टर बीटल. बाजरीवर येणाऱ्या हिंग्यांमुळे शेतकऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. डिवचल्यावर पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब सोडतो. त्यातल्या कँथरिडिनने फोड येतात. बोटांनी उचलू नका, एवढं पुरे.

रेल्वेरुळांच्या कडेने पसरलेल्या गारवेलीच्या पानांवर कधीतरी सोन्याचा थेंब बसलेला दिसेल. कडा पारदर्शक, डोकं आणि पाय आत झाकलेले. हा कासव-भुंगेरा. त्याच्या फोटोखाली ‘हा एआयने केलाय’ अशा कमेंट येतात, इतका तो अविश्वसनीय दिसतो. पण अस्सल आहे. ते सोनं रंगाचं नाही, कवचाच्या पातळ थरांतल्या ओलाव्यावर प्रकाश परतल्याने दिसतं. किडा मेला, थर सुकले की सोनं जातं आणि तपकिरी टरफल उरतं. डबीत भरून ठेवण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

स्वयंपाकघरात: तांदळात सोंड असलेले काळपट सोंडे, रव्या-पिठात चपटे तांबडे भुंगेरे, मुगा-चवळीला गोल भोक पाडणारा भुंगा, हळदीच्या आणि मसाल्याच्या डब्यात बारीक गोल तपकिरी. हे चौघेही भुंगेरे आहेत, चौघांनाही माणसात रस नाही. ‘हे पोटात गेले तर आतड्यांत अंडी घालतात’ हा मेसेज विसरून जा.

खिडकीच्या चौकटीवर दोन-तीन मिलिमीटरचा, गोल, ठिपक्याठिपक्यांचा किडा दिसला आणि घरात ढेकूण झाल्याची हाकाटी उठली, तर आधी पाठ पाहा. रेघ असेल तर तो कार्पेट बीटल, लोकर आणि केस खाणारा. गादीतल्या ढेकणाला पंखच नसतात, तो चपटा, तांबूस असतो आणि खिडकीत उजेडाला येत नाही. त्याच्या खुणा गादीच्या शिवणीत काळ्या ठिपक्यांनी सापडतात. पेस्ट कंट्रोलला पैसे मोजण्याआधी ही खातरजमा कराच.

लाकडी कपाटाखाली भुकटी पडत असेल तर ती बोटांत चोळा. मैद्यासारखी मऊ लागली तर भुंगेऱ्याच्या अळीचं काम, रव्यासारखी कणीदार लागली तर सुक्या लाकडातली वाळवी. दोघांवरचा इलाज वेगळा.

आणि दिव्याला येणारे मोठे. डोक्याच्या मधोमध मागे वळलेलं एकच शिंग असेल तर नारळाचा गेंड्या भुंगा. ते शिंग कवचाचाच भाग आहे, हलत नाही, टोचत नाही. करड्या पाठीचा, अंगापेक्षा लांब मिशांचा, पाच सेंटिमीटरपर्यंतचा असेल तर आंब्याला लागणारा भिरूड. मिशा पाहून लोक त्याला मोठं झुरळ म्हणतात, पण पाठीवर सरळ रेघ असते, आणि ग्लासात अडकला की मान हलवून चक्क कुरकुर आवाज करतो. तो आवाज एकदा ऐकलात की पुन्हा झुरळाशी गल्लत होणार नाही.

पायरी ६: किडा फक्त फोनमध्येच असेल तर

फोटो दुसऱ्याचा असेल तेव्हा हे तीन प्रश्न विचारा. कुठे काढला? कधी काढला? कुणी काढला? तिन्हींचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर तो फोटो पुढे पाठवायचा नाही. त्यानंतर गुगल लेन्समध्ये टाका आणि सर्वांत जुनी आवृत्ती शोधा.

पाठीवर शेकडो गोळे चिकटलेला किडा आणि शेजारी भोकाभोकांचा हात, हा मेसेज तुम्ही पाहिला असेल. ‘हा किडा भारतात सापडतो, याच्या विषाणूने हाताची अशी अवस्था होते.’ किड्याचा फोटो खरा आहे. तो पाण्यातला मोठा ढेकूण, आणि नर आहे. मादी त्याच्या पाठीवर अंडी चिकटवून जाते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत बाप ती वाहतो. त्याला पकडलं तर जोरात चावतो, पण असली भोकं पाडणारा विषाणू त्याच्यापासून येत नाही. हाताचा फोटो बनावट: कमळाच्या फळाची, बिया बसलेली भोकं कातडीवर जोडली आहेत. दोन फोटो शेजारी ठेवले की आपलं मन आपोआप कारण आणि परिणाम जोडतं, आणि या मेसेजचा सगळा जोर त्यावरच आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर घोणस अळीची दहशत पसरली होती. ‘चावली की पाच मिनिटांत मृत्यू’ म्हणून मृतदेहांचे फोटो जोडून मेसेज फिरले, लोक उसात जायला घाबरू लागले. ती एका पतंगाची अळी आहे. काटे लागले की भयंकर आग होते, चट्टे येतात. चिकटपट्टी लावून काढली की काटे निघतात, मग जागा धुवायची, बर्फ लावायचा. श्वास लागला, चेहरा सुजला, चक्कर आली तर अ‍ॅलर्जी समजून थेट दवाखाना. कृषी शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितलं होतं की ही अळी प्राणघातक नाही. पण खुलासा अफवेइतका फिरला नाही.

पैशाच्या अफवा याहून घातक. ‘हा भुंगा पंचाहत्तर लाखांना विकला जातो’ अशा बातम्या काही वर्षांपूर्वी मोबाइलवर भरभरून आल्या. त्यांचं मूळ जपानमध्ये आहे. तिथे स्टॅग बीटल पाळायचा छंद जुना, आणि १९९९ मध्ये आठ सेंटिमीटर लांबीचा एक असामान्य नर तब्बल एक कोटी येनला गेल्याचं प्रसिद्ध झालं. ती एक अपवादात्मक घटना, त्या देशातल्या त्या छंदाच्या बाजारातली. पालघर-शहापूरकडच्या एखाद्या मुलाने दिव्याखालचा गेंड्या भुंगा पकडून ‘गिऱ्हाईक आहे, आधी नोंदणीचे पाच हजार भरा’ असं सांगणाऱ्याला पैसे पाठवले तर हाती काहीच लागत नाही. स्टॅग बीटलच्या नराला पुढे दोन जबडे असतात, आणि ते हलतात. गेंड्या भुंग्याचं एक शिंग हलत नाही. मांडुळाच्या नावाने आपल्याकडे जे चालतं त्याच वळणाची ही फसवणूक आहे. शिवाय अनेक कीटक वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या यादीत आहेत. पकडणं आणि विकणं तुरुंगापर्यंत नेऊ शकतं.

एआयने केलेली चित्रं पकडायची तर पुन्हा अंगाकडेच या. कीटकाचे सहाही पाय छातीच्या भागाला जोडलेले असतात, पोटाला नाही. बनावट चित्रांत पाय पोटातून फुटतात, पाच किंवा सात असतात, एका बाजूचे सांधे दुसरीकडे जुळत नाहीत, मिशा डोळ्यांतून निघतात. काचेचा भुंगा, हिऱ्याचा भुंगा, मोराच्या पिसाचा भुंगा या सगळ्यांना ही एक कसोटी लावा.

आणि असं फसवणं इंटरनेटबरोबर जन्मलं नाही. १७०२ मध्ये विल्यम चार्लटन नावाच्या इंग्रजाने जेम्स पेटिव्हर या संग्राहकाकडे एक अनोखं फुलपाखरू पाठवलं: पिवळे पंख, त्यांवर काळे ठिपके, निळे चंद्र. खुद्द लिनिअसने १७६३ मध्ये त्याला ‘पॅपिलिओ एक्लिप्सिस’ असं नाव देऊन नवी जात म्हणून नोंदवलं. १७९३ मध्ये कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशिअसने नीट पाहिलं तेव्हा कळलं की ते नेहमीचं पिवळं ब्रिमस्टोन फुलपाखरू आहे आणि ठिपके रंगवलेले आहेत. नव्वद वर्षं गेली. वर्गीकरणाचा पाया घालणारा माणूस फसला, कारण त्यानेही नाव द्यायची घाई केली.

पायरी ७: आता नाव

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर फोटो टाका, ठिकाण आणि तारीख भरा. घरातला फोटो असेल तर ठिकाण धूसर ठेवायची सोय आहे, ती वापरा. अ‍ॅप जे नाव सुचवतं त्यावर ते आपल्या जवळपास अपेक्षित असल्याची खूण आहे का पाहा. अमेरिकेतल्या बटाट्यावरचा भुंगेरा चेंबूरच्या बाल्कनीत असण्याची शक्यता नाहीच, पण फोटोवरून चालणारी साधनं तो बेधडक सुचवतात. दोन तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं जातीवर एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. ते होईपर्यंत कुळावर थांबा. ‘सोंड्यांच्या कुळातला भुंगेरा’ हे पूर्ण, प्रामाणिक उत्तर आहे. पुष्कळ भुंगेऱ्यांची जात फोटोवरून सांगताच येत नाही, तज्ज्ञही सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्याशिवाय बोलत नाहीत.

सराव घरातच बसून होत नाही. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, धारावी-माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, गोरेगावला फिल्मसिटीजवळचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र, या तीन ठिकाणी पावसाळ्यात पाहायला भरपूर मिळतं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बीएनएचएसचं मुख्यालय फोर्टात हॉर्नबिल हाऊसमध्ये आहे. त्यांच्या निसर्गफेऱ्यांत एकदा तरी जा, कारण जाणत्या माणसाबरोबर एका पानाखाली वाकून पाहणं फोनवर जमत नाही. उद्यानातून मात्र काहीही उचलून आणायचं नाही, मेलेला भुंगाही नाही.

पायरी ८: ग्रुपवर काय लिहायचं

‘फेक आहे, कशाला पाठवता?’ असं लिहिलं की पाठवणाऱ्या काकू दुखावतात आणि पुढचा मेसेज दुसऱ्या ग्रुपवर जातो. त्या काळजीपोटी पाठवतात, हे ध्यानात ठेवून लिहा. आधी खरं काय ते, मग करायचं काय ते, तेही चार ओळींत, जोडीला खरा फोटो. माझा ठरलेला मजकूर असा असतो, हवा तर उचला आणि किडा बदलून वापरा:

‘काकू, फोटोतला किडा पाण्यातला ढेकूण आहे, पाठीवर त्याची अंडी आहेत. हाताचा फोटो जोडलेला आहे, असा आजार या किड्याने होत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात जपायचं ते या दुसऱ्या फोटोतल्या नारिंगी-काळ्या बारीक किड्यापासून. अंगावर बसला तर मारू नका, झटका, आणि चिरडला गेला तर साबणाने धुवा. हे पुढे पाठवलंत तर बरं होईल.’